नेट कोण खातंय?

२२ सप्टेंबर २०१४, सोमवार

सकाळी इष्टलिंगाची पूजा. मन पूर्ण एकाग्र. मध्ये फक्त दोनदा बंद पंख्याकडे पाहिलं. हलत नव्हता.

दुपारी गुरुपादप्पा सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मलप्पा, रविवारी दीडशे पोरांची ऑनलाइन टेस्ट हाय अन् लॅबचं नेट गोगलगायीवानी चालून राहिलंय. कोणतरी खातंय ते. रविवारपर्यंत नाव सांग, न्हाईतर तू घरी बस.

एकोणपन्नासाव्या वर्षी घरी बसून करायचं काय? पण घाबरलो नाही. होईल सर, म्हणालो. लॅबच्या सगळ्या वायरी ज्या पेटीत येतात त्या स्विचमध्ये मिररिंग नावाची सोय असते. लॅबमधून जे जातं-येतं त्याची नक्कल एका पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या एका खाचेवर, मिळते. तिथे एक कॉम्प्युटर लावायचा आणि कोण काय उघडतंय ते बघत बसायचं. खाणाऱ्याला पत्ता लागत नाही.

अर्ध्या तासाचं काम. उद्याच.

संशय : रियाज सर, फिजिक्स. क्रिकेट बघतात.

२३ सप्टेंबर

दुपारी अमावास्या लागली. काम सुरू केलं नाही. मॅन्युअल वाचलं, पान एक ते नऊ. एकूण दोनशे चाळीस.

बाकी नेहमीसारखं. आल्याबरोबर नेटवर भूकंपाची चार पानं उघडली. आपोआप ताजी होत राहतात, दिवसभर चालूच ठेवतो. हा अभ्यास आहे. भीती त्र्याण्णव साली, किल्लारीच्या भूकंपात होती, आता फक्त माहिती घेतो. लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

२४ सप्टेंबर

स्विचच्या पेटीवरची वाटी नीट ठेवली. उपड्या तांब्यावर वाटी. जमीन हलली की पडते आणि वाजते. रियाज सर म्हणाले, मलप्पाभाऊ, ही वाजली तर जिन्यात आधी पोरं का तुमी? मी म्हणालो, आधी पोरं, मग मॅडम लोक, शेवटी मी. ते उगाच हसले.

अमावास्या दुपारी संपली, पण तोवर मूड गेला.

२५ सप्टेंबर, घटस्थापना

मुहूर्त उत्तम. काम केलं. कुठून घ्यायचं आणि कुठे पाठवायचं, या दोन रकान्यांत थोडी उलटापालट झाली. ज्या पोर्टवर नक्कल पाठवतो त्याचं नेहमीचं काम थांबतं, हे पान एकशे बारावर आहे. मी पाठवली ती नेमकी बाहेरच्या लाइनच्या पोर्टवर. सगळी लॅब बंद. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

माझी चारही पानं बंद. वीस मिनिटं. वीस मिनिटांत जमिनीखाली काय काय होऊ शकतं! तळहात ओले झाले. उकाडा होता.

रियाज सरांनी येऊन पूर्ववत केलं. म्हणाले, भाऊ, मी लावून देऊ का? नको म्हणालो. चोराच्या हाती किल्ली?

२६ सप्टेंबर

बायको, जगदेवी, म्हणाली, रात्रभर उशाशी चपला घेऊन झोपताव, अन् म्हणं भ्या न्हाई. लिंगाला हात लावून सांगा बरं.

स्नान झालं नव्हतं, म्हणून हात लावला नाही.

२७ सप्टेंबर

रियाज सरांना लावू दिलं. माझ्या देखरेखीखाली. चार मिनिटं लागली. सकाळी मोजणी बघायची आणि नाव सांगायचं. सरांपुढे कसं बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं.

२८ सप्टेंबर, रविवार

पहिली बॅच बसलेली. निम्म्या लाइनचा फडशा एकटा अकरा नंबरचा पोर्ट पाडतोय, हे स्पष्ट दिसलं. मी मोठ्यानं म्हणालो, सर, चोर अकरा नंबर!

सर म्हणाले, अकरावर कोण हाय?

गेल्या दसऱ्याला मशिनींच्या पूजेआधी मी सगळ्या वायरी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसल्या होत्या. नंबरच्या चिठ्ठ्या तेव्हाच निघाल्या. म्हणून वायर हातानं धरत निघालो. कपाटामागून, चटईखालून. सर मागे. रियाज सरांच्या टेबलापाशी थांबलो. वायर थांबली नाही. खिडकीखालून माझ्याच टेबलाच्या पायाशी गेली.

कुठेतरी अडकली असेल म्हणून जोरात ओढली. पेटी हलली. वाटी पडली.

पुढचं आठवतं ते असं की मी रस्त्यावर, रसवंतीपाशी उभा होतो. अनवाणी. एकटा.

वर आलो तेव्हा पोरं पेपर सोडवत होती. रियाज सरांनी वाटी परत ठेवली होती. हसले नाहीत, याचाच जास्त त्रास झाला. गुरुपादप्पा सर माझ्या खुर्चीत बसून चारही पानं वाचत होते. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, आपल्या किल्लारीकडं आज काही हाय का रे?

न्हाई सर, म्हणालो.

बरं, म्हणाले. तीन पानं बंद केली. चौथं तसंच ठेवलं.

२९ सप्टेंबर

घरी बसवलं नाही. लॅब रियाज सरांकडे, मला झेरॉक्स. वाटी-तांब्या बरोबर आणला.

झेरॉक्सची खोली तळमजल्याला आहे. दार थेट रस्त्यावर उघडतं. पावलं मोजली, सहा.

ही बदली मीच मागून घेतली, असं जगदेवीला सांगितलं आहे.