बाबांना कोण ठेवून घेईल

३ नोव्हेंबर, सोमवार

अकरावा वृद्धाश्रम, अकरावा नकार. या बाईने निदान स्पष्ट सांगितलं — "खोली आहे हो, पण त्यांचं नाव यादीत आहे. बाकीच्यांच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू?" आधीचे दहा जण नुसतं 'कळवतो' म्हणाले होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही फोन ठेवला असता.

यादी पोलिसांची, लैंगिक गुन्हे केलेल्यांची. घरबसल्या कुणालाही दिसते. हार्लन वीन्स्ट्रा, वय चौऱ्याऐंशी, फोटो, गुन्हा. तीस वर्षांपूर्वी, आयोवात असताना, बाबा चर्चमध्ये मुलांना रविवारी बायबल शिकवायचे. तिथली आठ वर्षांची मुलगी. सहा वर्षं तुरुंगात काढली त्यांनी. इकडे मिशिगनला परत आल्यावर आई सगळ्यांना 'ह्यांची तब्येत बरी नव्हती' एवढंच सांगत राहिली. मरेपर्यंत.

५ नोव्हेंबर, बुधवार

हॉस्पिटलात पेशंटना घरी सोडण्याचं बघणाऱ्या मिस ओर्टिझ म्हणाल्या, शुक्रवारी, चौदा तारखेला, सोडणार. "कंबरेचं हाड जुळलंय. आता आम्हाला ठेवता येत नाही. तुमच्याकडे नाही का होणार सोय?"

माझ्याकडे वरच्या मजल्यावर माझी लेक क्रिस्टी आणि तिची नोरा. नोरा सात वर्षांची. विषय काढला तर क्रिस्टी भांडी घासता घासता, मागे वळूनही न बघता म्हणाली, "आई, ते आत आले की आम्ही बाहेर."

राग आला. पण तिचं चुकलं कुठे?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज बाबांचं अंग मीच पुसलं. पायांच्या काड्या झाल्यात. कूस बदलायलाही माणूस लागतो. यांना कोण कशाला भिणार?

१० नोव्हेंबर, सोमवार

मिळाली! आपल्याच चर्चचा वृद्धाश्रम. इतके दिवस मुद्दाम टाळला होता, ओळखीचे लोक म्हणून. आणि ओळखीनेच काम झालं.

तिथल्या मिसेस डायकहाउस पंचाहत्तरीच्या. अर्ज हातात घेतला, वाचलाच नाही. "कुठले गं तुम्ही वीन्स्ट्रा? झीलंडचे की ड्रेंथचे?" ड्रेंथ गावचे, म्हटलं. "म्हणजे आपल्या चर्चचे वडीलधारे, गेरिट एल्डर, त्यांचा हार्लन? अगं, मग आधी का नाही आलीस? त्यांनी माझ्या आईबापांचं लग्न जुळवलं!" झालं. आजोबा कोण ते कळलं की आमच्या लोकांना दुसरं काही विचारावंसं वाटत नाही. आमचे पणजोबा एकाच बोटीतून हॉलंडहून आले, एवढ्यावर सगळी चौकशी संपते. त्या कॉम्प्युटर उघडणार होत्या, तो बाजूला सारला आणि माझ्या हातावर पेपरमिंट ठेवलं, प्रवचनाच्या वेळी ठेवतात तसं.

तोंडात गोळी होती म्हणून बोलता आलं नाही, असं इथे लिहिणार होते. गोळी एवढीशी असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खोली पाहिली. खिडकीतून ब्लूबेरीची शेतं दिसतात. बाबांना आवडेल. बाहेरच्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं लावलीत. मिसेस डायकहाउस कौतुकाने म्हणाल्या, "दर बुधवारी चर्चच्या शाळेतली मुलं येतात. प्रत्येक आजी-आजोबांना एक एक मूल वाटून दिलंय. तास-दोन तास खोलीत बसतात, गोष्टी ऐकतात, गाणी म्हणतात. तुझ्या बाबांनाही देऊ की एक."

मी "छान" म्हणाले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर स्वतःशी हुज्जत. वॉकरशिवाय ते उभे राहू शकत नाहीत. नर्सेस जात-येत असतात. तीस वर्षं झाली. माणूस बदलतो की नाही? आणि परवा त्यांना कुठे नेऊ, रस्त्यावर?

आयोवातली ती मुलगी आता अडतीस वर्षांची असेल. तिचं नाव मला माहीत आहे. इतक्या वह्या भरल्या, पण ते कधी लिहिलं नाही. आजही हात होत नाही.

ठरवलं. गप्प बसायचं. देव मला क्षमा करो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांना खोलीबद्दल सांगितलं. खिडकी, शनिवारचं वाटाण्याचं सूप, सगळं. मुलांचंही सांगितलं, सहज सांगितल्यासारखं. मुलं कुठल्या वारी येतात, ते त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "वेंडी, त्या दिवशी माझं दार बाहेरून लावून घ्यायला सांग त्यांना."

"बाबा, आता या वयात —"

"सांग त्यांना."

हॉस्पिटलच्या पार्किंगमधूनच मिसेस डायकहाउसना फोन केला. सगळं सांगितलं. खोली गेली.

घरी आले आणि क्रिस्टी-नोराच्या बॅगा मीच भरायला घेतल्या.