आप्पांचे ठरलेले वार

४ मार्च, मंगळवार
आजही नाही! आप्पांना दवाखान्यातून घरी आणून तीन आठवडे झाले. खुब्याचं हाड जुळतंय, वॉकर धरून चार पावलं टाकतात — पण पोटाचं गाडं अडलेलंच. सासऱ्यांचं पोट साफ झालं की नाही, यावर सुनेचा दिवस कसा जाणार ते ठरतं. लग्नात कुणी सांगितलं नव्हतं हे!

विचारलं तर, "होईल गं. घाई काय आहे?" आणि ताटातलं निम्मं तसंच.

५ मार्च, बुधवार
नवरा घरी आला. ट्रकवर असतो, बुधवारी आणि रविवारीच घर दिसतं त्याला. चहा होईस्तोवर आप्पांची त्याला हाक. झालं एकदाचं. हुश्श!

७ मार्च, शुक्रवार
आप्पांच्या खिडकीतलं रोप भलतंच तरारलंय. आज कळलं का ते — मी भरून ठेवलेला तांब्या त्या कुंडीत रिता होतो! चांगली रागावले. जन्मभर घरोघरी नळ आणि कमोड बसवले, आणि आता पाण्याशी वैर? नुसते हसले.

८ मार्च, शनिवार
शिलाई मशीनवर बसले होते. आतून कण्हणं ऐकू आलं. बघते तर चादर मुठीत, ओठ घट्ट मिटलेले. "नेऊ का संडासला?" तर म्हणे, "गुडघ्यात कळ आली." गुडघा दुखला तर कुणी पोट धरतं का!

९ मार्च, रविवार
हा आला, लगेच हाक. आज मात्र फार कुंथले, घामाघूम होऊन बाहेर आले. "दगड झालाय नुसता," हा म्हणाला.

भांडी घासताना एकदम लक्षात आलं. बुधवार, रविवार. बुधवार, रविवार. आप्पा थांबवून धरतात! मुलगा येईपर्यंत. मी नको म्हणून.

नखं मी कापते, दाढीचं पाणी मी देते. तेवढ्यापुरती परकी? वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

१० मार्च, सोमवार
नर्सताई तपासायला आल्या. त्यांच्यासमोरच विषय काढला. आप्पांनी तोंड फिरवलं, पण बाई हवापाण्यावर बोलावं तशा बोलल्या. "आजोबा, रोज झालंच पाहिजे असं काही नाही. कुणाला दिवसातून तीनदा, कुणाला आठवड्यातून तीनदा. शी मऊ व्हावी, कुंथायला लागू नये, बस्स. पण कळ आली की जायचं. थांबवलं की आतल्या आत सुकते, मग त्रास." पाणी भरपूर, बसताना पायाखाली पाट. मला सांगितलं — हातमोजे, नीट धुवायचं, कोरडं टिपायचं, मग साबणाने हात, बोटांच्या बेचक्यांसकट.

त्या गेल्यावर विचारलं, "आप्पा, माझी लाज वाटते का?"

चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाले, "लाज नाही गं. तुला जमत नाही ना. फोनवर बहिणीला म्हणालीस — सगळं करीन, तेवढं सोडून. म्हटलं, पोरीला कशाला त्रास."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच म्हणाले होते मी! घरी आणलं त्याच दिवशी. माझ्या एका वाक्यापायी हा माणूस जवळजवळ चार आठवडे अर्धपोटी, तहानलेला! तिथेच रडले. "घाबरले होते हो आप्पा."

"घाबरणारच. पहिला तुंबलेला पाइप उघडला तेव्हा मी वस्तादाच्या चपलांवर ओकलो होतो."

रडता रडता हसले मी.

११ मार्च, मंगळवार
दुपारी हाक. मला! हातमोजे चढवले. ओकारी नाही आली. खरं तर, इतकं काही नसतं त्यात. एरवी लहान बाळांचं करतोच की आपण. आप्पा सगळा वेळ भिंतीकडे बघत बोलत होते. "तीस वर्षं झाली हा कमोड बसवून. हललाय का जरा तरी?"

"नाही. आता तुम्ही हला, मला पुसायचंय."

१२ मार्च, बुधवार
हा आला. आतून हाक आली तसा सवयीने उठला, बाह्या सरसावून गेला — आणि दारातूनच परत.

"तू नको रे, धसमुसळा आहेस. तिला पाठव."