तू चहा घेतलास ते कॉलेज

आई,

काल खालच्या मजल्यावरचं कुटुंब मुलीला घेऊन आलं होतं. मुलीची बारावी झाली आहे आणि मी शिकले त्याच कॉलेजात तिला प्रवेश मिळतो आहे. फी परवडण्यासारखी आहे, पण कॉलेज कसं आहे ते तुम्हीच सांगा, असं तिचे वडील म्हणाले. त्यांनी मोबाईलवर बरंच काही वाचून ठेवलं होतं. कुणाला कुठे नोकरी लागली, कुणी काय नावं ठेवली, सगळं. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथलं पाणी प्यायलात का?" तिघंही माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्याच लक्षात आलं की हा प्रश्न माझा नाही, तुझा आहे. म्हणून आज मी हे लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही. नोकरीत चाचण्यांचे अहवाल लिहिले तेवढंच, आणि अहवालात कुणाला "आई" म्हणायचं नसतं.

घाटकोपरच्या आपल्या चाळीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं की घर बघायला तुला नेत. मुलगा बघायला पुरुष जात, घर बघायला तू. तुझे नियम ठरलेले होते. आधी कळवून जायचं नाही, कारण कळवलं की घर पुसून ठेवतात. गेल्यावर प्यायला पाणी मागायचं, आणि पाण्याकडे नाही, पाणी आणणाऱ्या सुनेकडे बघायचं. माठाला हात लावण्याआधी ती सासूकडे बघते का? बघत असेल तर त्या घरात पाण्यालाही परवानगी लागते. मग हात धुवायचं निमित्त करून मोरी बघून यायची. आणि मनातून होकार झाल्याशिवाय त्या घरचा चहा घ्यायचा नाही. पाणी चालेल, चहा नाही. चहा घेतला म्हणजे बोलणं झालं, असा आपल्या कोकणातल्या माणसांचा रिवाज. निदान तुझा तरी होता. तू न पिता ठेवलेल्या कपांमुळे चाळीतल्या काही मुली वाचल्या, असं मागच्या खोलीतल्या काकू माझ्या लग्नातही सांगत होत्या.

मी इंटर सायन्स पास झाले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मार्क बरे होते, पण मोठ्या नावाच्या कॉलेजात जाण्याइतके नव्हते. अंधेरीला औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे चार-पाच वर्षांपूर्वी एक इंजिनियरिंग कॉलेज निघालं होतं. आसपासच्या मुलांसाठी काढलेलं, फी कमी, इमारत अर्धी पत्र्याची. त्याच महिन्यात आत्याने मुलुंडचं स्थळ आणलं. तू ते घर बघून आलीस आणि तुला एकही खोट सापडली नाही. सूनबाईने सासूकडे न बघता पाणी दिलं, मोरी कोरडी होती, माणसं मऊ बोलणारी. तरी तू चहा घेतला नाहीस. "उपवास आहे," म्हणालीस म्हणे. आत्या आपल्या खोलीत येऊन बसली ती चिडूनच.

"वहिनी, ते लोक रविवारपर्यंत थांबतील. त्यांना काही मुलींचा दुष्काळ नाही."

"थांबू देत."

"आणि हे कॉलेजचं काय खूळ? एवढ्याशा पैशात इंजिनियर करतात? स्वस्त तांदळात खडे असतात, सांगून ठेवते."

"खडे निवडता येतात, वन्सं," तू भाकरी थापता थापता म्हणालीस. "तांदूळ जुना आहे का तेवढं बघायला हवं."

बाबा गिरणीतून नुकतेच आले होते. ते भिंतीला टेकून म्हणाले, "तू बघून ये. मला घरातलं काय कळतं?" मी म्हटलं, "बाबा, ते घर नाही, कॉलेज आहे." तू माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. "तेच ते. पोरगी आत जाणार ना?"

आपण दोघी बसने अंधेरीला गेलो. तू लग्नाकार्यातली हिरवी नऊवारी नेसली होतीस आणि हातात पिशवी होती, जशी कुठल्याही घरी जाताना असायची. कारखान्यांच्या फाटकांवरून चालत पुढे गेलो तेव्हा भातखाचरं लागली, आणि खाचरांच्या कडेला लांबच लांब पत्र्याच्या शेड. कॉलेज तेच, हे मला आधी खरं वाटेना. मला लाज वाटत होती. कॉलेजची की आपली, ते सांगता येणार नाही. पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाकडे जायचंय?" तू म्हणालीस, "बघायला आलोय." त्याला वाटलं, कुणाची तरी आई डबा घेऊन आली आहे. त्याने सोडलं.

व्हरांड्यात माठ होता. एका मुलाकडे तू पाणी मागितलंस. त्याने पेला विसळून पाणी दिलं आणि "बसा मावशी" म्हणून निघून गेला. तू मान हलवलीस. मग मोरीची चौकशी केलीस. मुलींसाठी एकच खोली होती आणि तिला कुलूप. किल्ली कार्यालयात, शिपायाकडे मागायची. मी खालच्या आवाजात म्हटलं, "आई, जाऊ दे ना." "गप," तू म्हणालीस. "बघूक इलंव, भांडूक नाय." पण तुझं तोंड मिटलं होतं आणि मुलुंडचं घर माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्या घरात कुलूप नव्हतं. कॉलेजला तुझा नकार झाला असता तर रविवारी आत्या मुलुंडला होकाराचा निरोप घेऊन गेली असती, आणि ते काही वाईट घर नव्हतं. म्हणूनच मला भीती वाटत होती.

शेवटच्या शेडमध्ये प्रयोगशाळा होती. तिथले सर मरोळच्या गावठाणातले, गळ्यात बारीक क्रूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. कोण, कुठल्या, असं काही न विचारता त्यांनी स्टूल पुढे केलं.

"बसा बाय. चा सांगू?"

"नको."

"अर्धा घ्या."

"आत्ता नको. आधी बघते."

त्यांना वाटलं, आपल्या हातचा चालत नसेल. त्यांचा चेहरा जरा उतरला. मला ते समजलं, पण मध्ये बोलायचा धीर झाला नाही. आपले रिवाज त्यांना कुठून माहीत असणार, आणि तुला ते समजावून सांगायची गरज वाटत नव्हती.

आई, त्या खोलीत जे यंत्र होतं ते मी पुढे रोज पाहिलं. पण त्या दिवशी ते पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्या खांद्यामागून, आणि अजून आठवलं की तसंच दिसतं. दोन जाड खांब, छतापर्यंत गेलेले. मधे वर एक जबडा, खाली एक जबडा, आणि दोघांच्या दातांत लोखंडाची एक सळी. बाजूला थाळीएवढी मोठी तबकडी आणि तिच्यावर काटा. तिथे शेवटच्या वर्षाची एक मुलगी उभी होती, दोन वेण्या, साडीचा पदर खोचलेला. तिच्यामागे चार-पाच मुलं वह्या घेऊन. सर तुला म्हणाले, "आता ही सळी ओढून तोडायची. पूल बांधायचा, इमारत बांधायची, तर किती भार सोसेल ते तोडल्याशिवाय कळत नाय."

"आणि पोरांच्या हातून यंत्रच मोडलं तर?"

"मोडलं तर मी हाय ना. दुरुस्त करू. हात लावू दिला नाय तर शिकणार कशी?"

मुलीने चक्री फिरवली. आत कुठेतरी तेल सरकल्याचा घरघर आवाज सुरू झाला आणि काटा हलला. सळीला काहीच होत नव्हतं. काटा चढत राहिला. मग एका जागी तो अडखळला, आणि सळीवरची काळी पापुद्र्यासारखी साल आपोआप फुटून खाली गळायला लागली. कुणी हात लावला नव्हता. लोखंड ताणलं जात होतं, डोळ्यांदेखत, सैल मळलेल्या कणकेसारखं. मग बरोबर मधे एका ठिकाणी ते बारीक व्हायला लागलं. कंबर यावी तसं. तोपर्यंत लोखंड म्हणजे माझ्यासाठी तवा, विळी, खिडकीचे गज. ते असं आतून हलतं, आधी सोसतं, मग खूण दाखवतं, हे मला ठाऊक नव्हतं. देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं. काटा हळूहळू मागे यायला लागला. मग बंदुकीसारखा आवाज आला.

मी डोळे उघडले तेव्हा तू तशीच उभी होतीस, पिशवी पोटाशी धरून, नजर सळीवर. सर हसले. "बाय, तुमी डोळे नाय मिटले. पहिल्या दिवशी सगळेच मिटतात." त्यांनी तुटलेला तुकडा काढून तुझ्या हातात दिला. तू तुटलेल्या टोकाला बोटांची मागची बाजू लावलीस, आमच्या कपाळाला ताप बघायला लावायचीस तशी. "गरम आसा," तू मला म्हणालीस, आणि तो माझ्याकडे दिलास. खरंच गरम होता. टोकाला वाटीसारखा खोलगट.

मला वाटलं, तू सळी बघत होतीस. ते अर्धंच खरं होतं हे नंतर कळलं. तू सरांकडे वळलीस आणि लग्नाच्या बैठकीत बोलावं तशी म्हणालीस, "एक मागणं आहे. त्या मोरीची किल्ली शिपायाकडे नको. मुलींना हात पुरेल अशी ठेवा."

"ते माझ्या हातात नाय बाय. वर विचारायला लागेल."

"विचारा. मी बसते."

आणि तू स्टुलावर बसलीस. रागावून नाही, आवाज न चढवता, पिशवी मांडीवर घेऊन. सर गेले. ती वेण्यांची मुलगी तुझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. बराच वेळ गेला. मी जमिनीकडे बघत होते आणि त्याच वेळी मला वाटत होतं की ते दोन खांब आणि तू, एकाच कारखान्यात घडवलेली असाल. सर परत आले ते किल्ली घेऊनच. कपाटातून हातोडी काढली, दाराशेजारी खिळा ठोकला आणि किल्ली अडकवली.

तू म्हणालीस, "आता चहा सांगा."

त्यांना काही उमगलं नसावं, पण चेहरा खुलला. चहा कपात नाही, काचेच्या ग्लासात आला, गोडमिट्ट. तू शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलीस. मी शेजारी उभी राहून रडत होते आणि सरांना वाटलं, आवाजाने घाबरली पोरगी.

खाचरांच्या बांधावरून परतताना मी विचारलं, "तू हो कशी म्हणालीस? पत्रे आहेत, ग्रंथालय म्हणजे एक कपाट आहे." तू म्हणालीस, "त्या पोरीन चक्री फिरवताना मास्तराकडे बघल्यान नाय. काट्याकडे बघल्यान." थोडं पुढे गेल्यावर म्हणालीस, "ह्या घराक पोरगी देऊक हरकत नाय."

आत्याने त्या दिवशी पुष्कळ तोंड वाजवलं. "मुलुंडात काय वाईट होतं ते तरी सांग." तू सांगितलं नाहीस. मला सांगितलंस, पण माझी नोकरी लागल्यावर, एकदा कपबशा विसळताना. "त्या घरात एकाही कपाचा टवका उडालेला नव्हता गो. सगळे नवेकोरे. तुझ्या हातून एखादा पडला तर काय होईल, ते मला कळेना."

त्या कॉलेजात खडे होते, आई. उन्हाळ्यात पत्र्याखाली डोकं दुखायचं. चांगले शिकवणारे दोन मास्तर कंपन्यांत निघून गेले आणि एक विषय आम्ही आमचे आम्हीच वाचला. नोकरीसाठी मुलाखतीला गेलं की कॉलेजचं नाव ऐकून समोरचा माणूस पुन्हा विचारायचा. पण यंत्राला हात लावण्यासाठी मला कुणाची परवानगी लागली नाही, आणि खिळ्यावरची किल्लीही कधी मागावी लागली नाही. हेच मी काल रात्री खालच्या मजल्यावर उतरून सांगून आले. म्हटलं, न कळवता जा. पाणी मागा. प्रयोगशाळेत मुली कुणाकडे बघतात ते बघा. मुलीचे वडील मोबाईलवर टिपून घेत होते. आईने टिपलं नाही. ती म्हणाली, "मीच जाते हिला घेऊन." तेव्हा मला बरं वाटलं.

तो तुकडा तू पिशवीत टाकून आणला होतास आणि आयुष्यभर त्याने आलं ठेचलंस. आता तो माझ्याकडे आहे. हा कागद मी घडी करून त्याच्याचखाली ठेवणार आहे, ओट्याच्या कोपऱ्यात, पंख्याने उडू नये म्हणून. त्याहून लांब तो कुठे जायचा नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. नोकरीत मी किती लोखंड तोडलं त्याला गणती नाही, माझ्या हाताखाली शिकलेल्यांनीही तोडलं. पण काटा मागे यायला लागला की मी डोळे मिटायची. आवाज होऊन गेला की उघडायची, आणि सगळ्यांच्या नजरा सळीवर असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लोखंड तुटतं तो क्षण मी एकदाही पाहिलेला नाही. तू पाहिलास. तो कसा दिसतो, हे तुला विचारायचं राहून गेलं.