पाऊण लिटर पाणी

मी, भागवत कानिफनाथ आढाव, वय ५४, धंदा नळकाम, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. येत्या बुधवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. मीही गिऱ्हाइकाला तसेच सांगतो, पण मेन कॉक आधी बंद करतो.

कलम १. माझे स्वकष्टार्जित राहते घर व बँकेतील ठेव पत्नी मनकर्णा हिला मिळावी. तिच्या हयातीत घर कोणी विकू अगर गहाण टाकू नये. न्हाणीची फरशी मी तीनदा उखडून उतार साधला आहे. पुढे बदलायची झाल्यास आधी उतार मोजून लिहून ठेवावा, मग हातोडा घालावा.

कलम २. माझी सर्व हत्यारे, म्हणजे पाईप पाने चार, आटे पाडायचा संच एक आणि लेव्हल पट्टी, कन्या ज्ञानेश्वरी हिला द्यावीत. नळकाम मुलीचे नव्हे असे म्हणणाऱ्यांनी तिने बसवलेला नळ गळताना दाखवावा. मी आठवी पास. भंगारातल्या टाक्या उघडून आणि जोडून शिकलो, इंग्रजी माहितीपत्रके शब्दकोश घेऊन वाचली. तिने ती माझ्यापेक्षा लवकर वाचावीत.

कलम ३. बैठकीतले सन्मानपत्र माझ्या पश्चात भिंतीवर ठेवू नये. कारण लिहितो.

तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेने योजना काढली. संडासाचे जुने, एका वेळी बारा लिटर पाणी पिणारे भांडे आणि टाकी काढून सहा लिटरची बसवली की घरपट्टीत सूट. टाकी सहा लिटरच्या वर जात नाही असे यादीतल्या प्लंबरने मोजून प्रमाणपत्र द्यायचे. आमच्या भागासाठी यादीत माझे नाव होते. टाकीखालचा पाईप सोडवून पाणी मापाच्या बादलीत घेण्याची पद्धत माझी. बादलीवर पाव लिटरच्या रेघा मी स्वतः कोरल्या आहेत.

धाकटा भाऊ गहिनीनाथ याच्या घरी मोजले तेव्हा पावणेसात लिटर भरले. तो म्हणाला, "दादा, पाऊण लिटरनं काय गाव बुडतंय का?" मी म्हणालो, "तुझ्यासाठी बादली मोठी करू का?" आमची जुंपली. त्याची पत्नी पुष्पावती दारातून म्हणाली, "भाऊजी, टाकीचा कॉक बंद केला हुता का?" मी म्हणालो, "मला शिकवू नका." आणि फॉर्मवर 'नापास' लिहिले.

गल्लीत झाले की सख्ख्या भावाला सोडले नाही. गहिनीनाथ एवढेच म्हणाला, "तुझी बादली घेऊन जा, आन् पुन्हा या ओट्यावर चढू नको." त्या दिवाळीत 'काटेकोर व निःपक्षपाती कामाबद्दल' मला शाल, नारळ आणि हे सन्मानपत्र मिळाले.

खरे असे आहे. आठ दिवसांनी काकासाहेब थोरात यांच्याकडे तशीच टाकी, त्याच कंपनीची, मोजली. कॉक बंद करून. बरोबर सहा लिटर. तेव्हा मला आठवले की गहिनीनाथच्या घरी तो नळाला पाणी येण्याचा दिवस होता, दाब भरपूर होता, आणि भावाशी बोलण्याच्या नादात मी कॉक बंद केला नव्हता. टाकी रिकामी होत असताना वरून नवे पाणी येत होते. पाऊण लिटर त्याचे नव्हते, नळाचे होते.

अर्जाची मुदत संपायला तेव्हा पाच दिवस बाकी होते. मी रोज पायात चप्पल घालत होतो आणि काढून ठेवत होतो. मुदत गेली. हे मी आजवर मनकर्णालाही सांगितलेले नाही.

गहिनीनाथचे प्रमाणपत्र मी आज भरून, सही करून सोबत जोडले आहे. योजना बंद झाली आहे हे मला माहीत आहे.

~~कलम ४. मापाची बादली बंधू गहिनीनाथ यास द्यावी.~~

वरील कलम मी स्वतः खोडले आहे, बाजूला सही आहे. हे कागद मी मेल्यावर उघडावेत असा आधी विचार होता. लिहिताना कळले की तसे केल्यास ओटा चढायचा राहूनच जाईल. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असे वकिलांचे म्हणणे आहे. मला भाऊ साक्षीदार हवा आहे. म्हणून त्याला काहीही ठेवत नाही. उद्या सकाळी कागद घेऊन मी स्वतः जाईन, तो वाचेल, मग मी त्याच्यासमोर सही करीन. त्याने नाही म्हटले तर हे मृत्युपत्र बिनसहीचे राहील. तेही मला मान्य आहे.

स्थळ: गहिनीनाथचा ओटा, श्रीरामपूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) भागवत कानिफनाथ आढाव

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:

१. (सही) काकासाहेब थोरात, हार्डवेअर दुकानदार

२. (सही) गहिनीनाथ कानिफनाथ आढाव. सगळं वाचून सही केली. कॉक उघडा हुता हे पुष्पानं त्याच दिवशी सांगितलं हुतं. टाकी अजून तीच हाय. दवाखान्यातनं आला की बादली घेऊन ये, परत मोजू.