आमच्या मोसंबीचा निकाल

आदरणीय व्याही केशवराव यांस,

आपला गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवावे. रजनीताईंस नमस्कार. इकडे मी ठीक. दुपारी बागेत बसलो की शाळेतल्या कविता आपोआप ओठांवर येतात. ऐकायला बुलबुल असतात. (आमच्या सातवी ‘ब’पेक्षा त्यांची शिस्त बरी.)

पत्रास कारण आपली कन्या, आमची सूनबाई अंतरा. तिच्याविषयी लिहायचे तर श्लोकच सुचतो, पण गद्यात सांगतो. आमच्या बागायतदार संस्थेने मोसंबीची प्रतवारी करणारे यंत्र आणले. लहान फळ वेगळे, मोठे वेगळे. उद्घाटनाला मी दिंडी वृत्तातली स्वरचित कविता म्हटली (टाळ्या पडल्या, काही मध्येच पडल्या), नारळ फुटला, ‘प्रकल्प पूर्ण’ असे वर कळवले, आणि यंत्र दसऱ्याच्या झेंडूपुरते उरले. अंतरा संस्थेची सचिव झाली तेव्हा तिने विचारले, “यंत्र आलेलं दिसतंय. शेतकऱ्याच्या हातात काय आलं?” आम्ही सगळे छताकडे पाहू लागलो.

तिने यंत्र सुरू केले तर वेगळीच गंमत. लोक घरूनच निवडून, पुसून, चकचकीत तेवढी फळे आणू लागले. (एकाने तर तेलाचा हात फिरवला होता.) बाकीचा ढीग नेहमीसारखा व्यापाऱ्याकडे, तो नजरेने ठरवील त्या भावात. यंत्र रोज सर्वांना पहिला वर्ग देई आणि फायदा कोणालाच नाही. मी शेजारच्या आबारावांना रागावलो, तर म्हणतात, “गुरुजी, साहेब तपासणीला आले की कच्ची पोरं तुम्ही मागं बसवत होते. तेच करून राह्यलो आम्ही!”

अंतरा हसली. भाषण नाही, फलक नाही. गावासमोर तिने आमच्याच बागेचा अख्खा माल यंत्रावर काढला. केशवराव, जन्मभर दुसऱ्यांचे निकाल वाचलेल्या माणसाचा हा निकाल! बारक्या फळांचे एक पोते मी हळूच खुर्चीखाली सरकवले आणि वर धोतर पसरून बसलो.

“बाबा, उठा. मागच्या बाकावरच्यांनाही बोलवायचंय.”

गाव हसला, आबाराव सर्वांत मोठ्याने. पण बारकी फळे जालन्याच्या ज्यूसवाल्याने नेली, मोठी परगावच्या व्यापाऱ्याने, आणि ढिगाने विकून मिळाले असते त्याहून पुष्कळ जास्त मिळाले. लगेच आबारावांचा ट्रॅक्टर दारात. “सगळाच माल आणला, पोरी. वाकडातिकडा बी.” हाताने फळे निवडणाऱ्या तुळजाबाईंना आपले काम जाईल ही धास्ती होती, यंत्र चालवायला अंतराने पहिल्यांदा त्यांनाच शिकवले. अशी मुलगी आपण आम्हाला दिलीत, याबद्दल काय लिहू? वृत्त जुळत नाही.

आपला स्नेहांकित,
रामप्रसाद

ता. क. : आपण अंतरासाठी नाशिकला नोकरी पाहिली आहे आणि आमचा अद्वैतही बायकोबरोबर तिकडे निघायला तयार आहे, असे कानावर आले. ती गेली की लोक पुन्हा ढिगानेच माल विकू लागतील. संस्थेसाठी तेवढा त्या नोकरीचा विचार सोडावा.

आणखी एक : पत्र तिने वाचले. म्हणाली, “मी माहेरी होते तेव्हा यंत्र बंद होतं का, बाबा? मी नसताना चालतं, म्हणूनच काम झालं म्हणायचं.” बंद नव्हते. तुळजाबाईंनी मलासुद्धा रांगेत उभे केले होते. तेव्हा वरचे कारण रद्द समजावे. विनंती मात्र तशीच ठेवावी.