अळणी

गोडादरा, सुरत
१४ मे २०२५

चि. सौ. हर्षदा हिस आईचा आशीर्वाद.

'सौ.' लिहिताना पेन जरा अडलं, पण लिहिलं. राकेशरावांनाही आशीर्वाद सांग. फोनच करणार होते, पण फोनवर माझी जीभ कशी चालते ते तुला ठाऊक आहे. कागदावर निदान खोडता येतं.

इकडे ऊन मी म्हणतंय. शेजारच्या कविताने कूलर घेतलाय, तो तिच्यापेक्षा मोठ्याने बोलतो. आम्ही दोघी अजून उधन्याच्या शेडमध्येच साड्यांच्या घड्या घालतो. वर पत्रा, आणि पंखा लावायचा नाही, कापड उडतं. घरी आल्यावर एकटीपुरती भाकरी टाकते. कधी कधी तीही टाकत नाही.

मागच्या आठवड्यात तीन दिवस दवाखान्यात होते. काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

खोटं कशाला लिहू? होतं. शेडमध्ये डोकं गरगरायला लागलं. ऊन लागलं असेल म्हणून मी बाटल्यांवर बाटल्या पाणी प्यायले. मग म्हणे एकच साडी मी पुन्हा पुन्हा उलगडत होते, घडी घालत होते, आणि कविताला म्हणत होते, "हर्षदा, डबा खाधा का वो?" ती घाबरली. "मावशी, मी कविता शे! तुले काय व्हयनं?" पुढचं मला आठवत नाही.

डॉक्टर तुझ्याच वयाचा, गुजराती. कागद बघून म्हणाला, "मासी, मीठुं केम छोड्युं?" मीठ का सोडलं म्हणून. माझ्या रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. मग त्याने हिंदीत समजावलं. अंगातलं मीठ आणि पाणी शरीर मापात ठेवतं. खाण्यात मीठ कमी पडलं की ते लघवीतून जाऊ देत नाही, घामातूनसुद्धा जपून सोडतं. तुमच्या शरीराने नऊ महिने सांभाळून घेतलं, म्हणाला, पण त्यावर इतका घाम आणि इतकं नुसतं पाणी झाल्यावर ते तरी काय करणार?

तेव्हा लक्षात आलं. माझ्या काळ्या ब्लाउजवर घामाचे पांढरे डाग पडायचे ना, ते कधीचे बंद झाले होते. मी समजत होते, धुण्याची पावडर चांगली लागली.

नऊ महिने कसले, ते आता लिहिते. गेल्या श्रावणात आपल्या घरी कानबाई देवी बसली त्या दिवशी तू नवऱ्याला घेऊन दारात आलीस. सगळे भाऊबंद प्रसादाच्या रोटांना बसलेले. तो दुसऱ्या जातीचा, लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी बोलले, "रोट घरना लोकेसना ऱ्हातस, परकासना नहीत." तू पायरीवरूनच वळलीस. चप्पलसुद्धा काढली नव्हतीस. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तापीवर कानबाईला निरोप देताना मी नवस बोलले. माझी पोर घरी येईपर्यंत मीठ खाणार नाही. कुणाला सांगितलं नाही. कविता विचारायची, तर बी.पी.चं नाव सांगायची. लोणचं सोडलं, पापड सोडला. अळणी वरण घशाखाली उतरत नव्हतं, तरी वाटायचं, बरं आहे, भोगतेय मी.

दवाखान्यातून आल्यावर कविताने वरण आणलं. "मीठ टाकेल शे, मुकाट्याने खा," म्हणाली. मी ताट सरकवलं. नवस मोडला तर तू कधीच येणार नाहीस, अशी भीती वाटली. मग मनात आलं, ही कुडी बिचारी नऊ महिने मला धरून राहिली, तिला कुठे माहीत होता माझा नवस? खाल्लं. काय सांगू, इतकं गोड लागलं की वाडगा पुसून खाल्ला, आणि मग लाज वाटून रडले.

नवस मोडला, हर्षदा. आता कानबाई तुला आणायला बांधलेली नाही. खरं सांगायचं तर तेव्हाही ते काम तिचं नव्हतं. मीठ सोडणं सोपं होतं गं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द काही तोंडातून निघत नव्हते.

माझं चुकलं. दोघं या. नाही आलात तरी मी आता जेवण सोडणार नाही, त्यामुळे माझ्या जिवाच्या भीतीने येऊ नकोस. यावंसं वाटलं तरच ये.

देवाला मध्ये न घालता तुला बोलावणारी,
तुझी आई