उसनं कातडं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१६ जानेवारी १९७५

सौ. त्रिशला हिस अ. उ. आशीर्वाद.

पत्र जयपालच्या हाती देते आहे. पोस्टाच्या भरवशावर राहण्याची ही वेळ नव्हे. राजमतीचा ताप कालपासून उतरता आहे. गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस अंगावर आल्यापासून ती पहिल्यांदाच सलग झोपली. छाती, खांदा, पोट, सगळं उघडं पडलं होतं आणि त्यातून सारखं पाणी गळत होतं. तुझ्या मांडीची कातडी तिथे बसवल्यावर ते थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता पोर झाकली गेली. मला तो शब्द आवडला.

आता तुझ्याविषयी. मांडीवरची पट्टी भिजवायची नाही, सोडायची नाही, तिच्यावर हळद, तूप, राख यांतलं काहीही घालायचं नाही. सांगणारी कितीही शहाणी असो. म्हशीची धार दुसऱ्या कोणी काढावी. अशा मांडीनं दवाखान्यातून उठून तू गडमुडशिंगीला गेलीस, हा शुद्ध आडमुठेपणा आहे. तुझ्या सासूबाईंना, सीताबाईंना, माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, सुनेला आठवडाभर पाण्याला पाठवू नका.

माझी धाकटी बहीण, राजमतीची आई, गेली, मग जयपालनं तुला घरात आणलं. तेव्हापासून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. पुढं काय व्हायचं ते डॉक्टरांनी जयपालला नीट समजावलं आहे. त्यानं तुला सांगितलं असेलच.

जन्मभर शाळेत मुली सांभाळल्या, पण ड्रेसिंगच्या वेळी राजमती ओरडायला लागली की मी व्हरांड्यात जाऊन उभी राहते. हे कोणाला सांगू नकोस.

लोभ वाढेल असंच वाग.
रत्नप्रभा


गडमुडशिंगी
२१ जानेवारी १९७५

ती. रत्नप्रभाताईंस त्रिशलाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. अक्षर बघूनच मी सरळ बसले. पट्टी भिजवली नाही. मांडी मात्र तव्यावर ठेवल्यासारखी जळते; कूस बदलता येत नाही.

घरी रोज बायका बघायला येतात. धोंडुबाई, आमच्या शेजारीण, तर दारातूनच ओरडत आली की कुठलं कापलं, दाव की. महिन्यापूर्वी हीच बाई पाणवठ्यावर सांगत होती की सावत्र आईनं मुद्दाम पोरीला जेवण घेऊन गुऱ्हाळावर धाडलं. धाडलं मीच होतं, ते खोटं नाही. भाकरी गरम होती, राजूचे पाय मोकळे होते, म्हणून धाडलं. आता म्हणते की पोर आता निम्मी तुझीच की गं. सासूबाई संध्याकाळी स्वतः दूध आणून देतात. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्या हातात पेला दिला नव्हता.

एक विचारते, हसू नका. राजू तिच्या आईवर गेलेली, गोरी. मी अशी सावळी. मोठी झाल्यावर तिच्या अंगावर तो तुकडा वेगळा दिसेल का? नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, बघू, आणि बैलाला वैरण टाकायला गेले. दिसला तर पोलक्यात झाकेल म्हणा. ती मला आक्का म्हणते, आई म्हणत नाही, म्हणू दे. पण आंघोळ करताना तरी तिला माझी आठवण राहील.

राजूला सांगा, तिच्या शेळीला करडू झालंय.

मोठ्यांची माया असू द्यावी, ही विनंती.
आपली त्रिशला


मंगळवार पेठ
२३ जानेवारी १९७५

सौ. त्रिशला हिस आशीर्वाद.

करडाची बातमी पोचवली. ते काळं आहे की पांढरं, हे राजमतीला ताबडतोब हवं आहे.

रंगाचं तू विचारलंस. त्याचं उत्तर जयपालनं तुला द्यायचं आहे, आणि त्यानं ते अजून दिलेलं नाही हे तुझ्या पत्रावरून मला कळलं. आज त्याला दवाखान्याच्या जिन्यात उभं करून चांगलं सुनावलं. घरी जाऊन पहिली गोष्ट ती सांगतो असं तो कबूल करून गेला आहे. मीही लिहू शकते, पण नवऱ्यानं समोर बसून सांगायची गोष्ट कागदावरून कळू नये, असं माझं मत आहे.

तू घरी धीर धर. मी इथे धरते आहे असं दाखवते.

कळावे, आणि कळलं की लगेच कळवावे.
रत्नप्रभा


गडमुडशिंगी
८ फेब्रुवारी १९७५

ती. ताईंस सा. न. वि. वि.

धोंडुबाई कोल्हापूरला बाजाराला गेली होती, तशीच राजूला बघून आली. आल्यावर आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की त्रिशलेचं कातडं पोरीच्या अंगावरनं सुटून पडाय लागलंय, सावत्राचं लागत न्हाय ते न्हायच. मी चुलीपुढं होते. सासूबाईंनीही ऐकलं. संध्याकाळी दूध आलं नाही.

ताई, माझं काय चुकलं ते मला कळत नाही. तिला धाडताना माझ्या मनात पाप नव्हतं. मांडी देतानाही नव्हतं. तरी तिच्या अंगानंच ओळखलं म्हणायचं का? मी रोज देवळात जाऊन विचारते. हातात घेतलेलं काम तसंच राहतं, घरातून अंगणात आणि अंगणातून घरात फेऱ्या मारते.

मी आता दवाखान्यात येत नाही. माझं तोंड बघून तिचं दुखणं वाढायला नको. बरी झाली की तिला तुमच्याकडेच ठेवून घ्या, शाळा तिथंच होईल. तुम्ही तिच्या आईच्या रक्ताच्या. तिचे कपडे धुऊन बांधून ठेवले आहेत, उद्या यांच्याबरोबर पाठवते.

माझ्यावर नसली तरी पोरीवर माया ठेवा.
त्रिशला


मंगळवार पेठ
९ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. त्रिशला हिस आशीर्वाद.

कपड्यांचं गाठोडं जयपालच्या हातूनच परत पाठवते आहे. ते सोड आणि कपडे खुंटीला लाव.

जयपालनं तुला सांगितलं नाही. आज बोलता बोलता रडला. म्हणाला, घरात पहिल्यांदा तिला कोणी चांगलं म्हणत होतं, ते मोडवेना. त्याच्या मऊपणानं तुझे हे हाल केले. आणि मी त्याच्यावर सोपवलं, म्हणून आता स्पष्ट लिहिते. दुसऱ्या माणसाची कातडी कोणाच्याच अंगावर कायमची राहत नाही. दोनतीन आठवडे राहते आणि गळते. डॉक्टरांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. राजमतीच्या अंगात तेव्हा दुसरी जखम सोसायची ताकद नव्हती, म्हणून तिची स्वतःची कातडी काढता येत नव्हती. तेवढे दिवस तिला झाकायला कोणीतरी हवं होतं. तू झाकलंस. तुझी कातडी नसती तर जखमेत विष होऊन पोर गेली असती, हे डॉक्टरांचे शब्द आहेत, माझे नव्हेत.

आणि हे माझे. राजमतीला जन्म देणारी माझी बहीण आज असती आणि तिनं मांडी दिली असती, तरी तिची कातडीही अशीच गळली असती. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला. धोंडुबाईला वाचून दाखव.

आता महत्त्वाचं. येत्या गुरुवारी राजमतीच्या मांडीची कातडी काढून तिच्याच अंगावर लावायची आहे. ती टिकेल. पण पोर मांडीला हात लावू देत नाही. काल नर्सला चावली. धोंडुबाई खाटेशी उभी राहून जे बोलली ते तिनंही ऐकलं आहे. आज मला विचारलं की आक्कानं आपलं कातडं परत मागितलं का, आक्का रागावली म्हणून येत नाही का. मी तिला शास्त्र समजावलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

माझ्याच्यानं हे होणार नाही. तू बुधवारी सकाळच्या गाडीनं ये. सीताबाईंची परवानगी मागू नकोस, मी बोलावलं आहे असं सांग.

वाट बघते.
रत्नप्रभा


दवाखाना, कोल्हापूर
१४ फेब्रुवारी १९७५

ती. ताईंस सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या हाती तुमच्या घरी धाडते. काल ऑपरेशनपर्यंत तुम्ही बसून होतात, मग डॉक्टरांनी तुम्हाला दटावून घरी पाठवलं. कोणी तुम्हाला दटावतं हे बघून राजूला झोपेतही हसू आलं असतं.

बुधवारी तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हाचं सांगायचं राहिलं. मी आत गेले तर तिनं डोळे मिटून घेतले. मी करडाचं बोलले, ऐकेना. मग एकदम विचारलं की कुठलं काढलं, दाव. दार लोटून मी लुगडं वर केलं. मांडी अजून लालच आहे, चौकोनी. बराच वेळ बघत राहिली. मग बोट लावलं, अगदी कडेला. विचारलं की दुखतं का. नर्सबाई सांगतात तसं मुंगी चावल्यासारखं म्हणणार होते, पण जमलं नाही. सांगितलं की लई दुखतं, आठ दिवस झोप लागत न्हाय, आणि मग खाज सुटते. तिनं विचारलं की मग ते गळून पडणार हे आधी ठाऊक असतं तर दिलं असतंस व्हय. मी म्हटलं, दिलं असतं, पण आधी तुझ्या बाला चार शिव्या घातल्या असत्या.

हसली, ताई. मग आपण होऊन पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाली की नर्सबाईंना बोलाव, पण हात तू धर.

आता शुद्धीवर आली आहे. मांडी जळते म्हणून मला चिमटे काढते. माझा दंड काळानिळा झालाय. नवीन कातडं धरलं की नाही ते सोमवारी पट्टी उघडल्यावर कळेल. तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही, खुर्चीत बसवत नाही. पण तुम्ही आज येऊ नका, झोप काढा. ती ओरडली तर मी व्हरांड्यात जाणार नाही.

आमच्या दोघींवर लोभ असावा.
आपली त्रिशला